मुहूर्त टळू नये म्हणून

आमच्या घरात नानांनी कुणाला कधी ‘लवकर ये’ असं म्हटलं नाही. ते वेळ सांगत आणि ती वेळ झाली की दार लावून घेत. नाना म्हणजे माझे वडील, झाशीच्या यार्डातून मालगाड्या घेऊन जाणारे गार्ड. रेल्वेच्या क्वार्टरचं ते हिरवं दार, आत आई पोळ्या लाटतेय आणि बाहेर मी शाळेतून उशिरा आले म्हणून ओट्यावर दप्तर मांडीवर घेऊन बसलेय, हे दृश्य माझ्या लहानपणी इतक्यांदा झालंय की त्याचं मला काही वाटेनासं झालं होतं. मारणं नाही, ओरडणं नाही. नाना आत बसून जेवत, हात धुवत आणि मग दार उघडत. ‘गाडी गेली तुझी,’ एवढंच म्हणत. माझं ताट आई झाकून ठेवायची, पण गार भात गारच असतो.

आईचा काळ वेगळा होता. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचीसुद्धा नाही. ऊन ओट्याच्या दुसऱ्या फरशीवर आलं की कुकर, भोंगा झाला की दुपारचा चहा, शंटिंगच्या डब्यांचे धक्के ऐकू यायला लागले की विरजण. आणि सगळ्यांच्या वर पंचांग. राहुकाळात ती नवी बरणीसुद्धा उघडायची नाही. नाना कितीदा तरी नेमके राहुकाळातच ड्यूटीवर निघायचे, त्याला तिचा इलाज नव्हता. त्यांच्या तळहातावर ती दही ठेवायची आणि देवघराकडे तोंड करून उभी राहायची. नाना म्हणायचे, रेल्वेला राहू लागत नाही. हे दोघं एका घरात कसे राहिले, याचं मला आजही नवल वाटतं.

शेजारी मॅगी आंटी. तिचा नवरा इंजिन ड्रायव्हर, अँग्लो-इंडियन माणसं. तिच्याकडे न सांगता गेलं की ती दारातच उभी राहून हसून बोलायची आणि हसूनच निरोप द्यायची. आधी सांगून गेलं तर टेबलावर केक, धुतलेला रुमाल, सगळं तयार. तिच्या दृष्टीनं वेळ ही घरातल्या खोलीसारखी होती, दार वाजवून आत यायचं. आणि दूध घालणारी रामकली? ती गवळीण शेजारच्या गावातली. तिला विचारावं, उद्या खवा आणशील का, तर म्हणायची, ‘अबै आउत,’ म्हणजे आत्ता येते, आणि चार दिवसांनी खवा घेऊन असा चेहरा करून यायची, जणू आत्ताच सांगितलं होतं. तिच्या मुलाचं वय विचारलं तर ज्या वर्षी तलाव फुटला त्याच्या पुढच्या भादव्यातला, असं सांगायची. आम्ही हसायचो. हसण्यासारखं काय होतं त्यात, हे आता मला सांगता येणार नाही. तिला तिच्या मुलाचा जन्म पाण्यासकट आठवत होता. मला माझ्या मुलांच्या जन्माच्या फक्त तारखा आठवतात.

नानांबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा कळली. मालगाडीला रेल्वेत मान नाही. मेल आली, एक्सप्रेस आली, साधी पॅसेंजर आली तरी मालगाडी बाजूच्या रुळावर घालतात आणि उभी करून ठेवतात. उन्हात, माळावर, जवळ पाणी नाही, सावली नाही. गार्ड शेवटच्या डब्यात एकटा. किती वेळ, ते कुणी सांगत नाही. ज्या माणसाचा सगळा जन्म दुसऱ्याची गाडी जाऊ देण्यात गेला, त्याला आपल्या घरात तरी कुणी ताटकळत ठेवलेलं सहन होत नव्हतं. हे तेव्हा कळलं असतं तर मी त्यांच्यावर जरा कमी चिडले असते. पण तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि मला फक्त त्या घरातून निघायचं होतं.

माझं लग्न ठरलं ते शहरातल्या मराठी घरात. झाशीत मराठी माणसं दोन तऱ्हेची. एक आम्ही, रेल्वेचे, बदलीवर आलेले. दुसरे ते, पेशव्यांच्या वेळी आलेले. त्यांचे पूर्वज घोड्यावर आले, आम्ही पासावर आलो, असं माझे मामा म्हणायचे. त्यांची मराठी निम्मी हिंदी होती, पण स्वयंपाकघराला ते अजून मुदपाकखाना म्हणत. साखरपुड्यानंतर त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. नाना ठरल्या वेळी आम्हाला घेऊन हजर. घरात तेव्हा चूल पेटत होती. मुलाचे वडील, आबासाहेब, लुंगीवरच बाहेर आले, ‘या जी, या,’ म्हणाले आणि कपडेही न बदलता नानांशेजारी बसले. मग कोण कोण येत राहिलं. शेजारी, वकील, कुणी आंब्याचा व्यापारी. जो येईल तो जेवायला थांबला. पानं मांडली तेव्हा चहाची वेळ झाली होती. पुरणपोळी, कढी, उडदाचे बरे, म्हणजे आपले वडे. नानांनी दोन घास खाल्ले आणि घड्याळ काढून बघितलं. मी मात्र पोटभर जेवले. त्या दुपारी कुणीही कुणाला घाई केली नव्हती आणि कुणाचं काही अडलंही नव्हतं.

मुलाचं नाव श्रीधर. बरुआसागरच्या शाळेत मास्तर होता, रोज बसनं जायचा. ती बस भरल्याशिवाय सुटत नाही, असं त्यानं मला अंगणात सांगितलं. मी विचारलं, आणि नाहीच भरली तर? तो म्हणाला, मग बसलेल्या लोकांची चांगली ओळख होते. मी हसले. एवढंच आमचं बोलणं. पण घरी परतताना टांग्यात मी मनाशी पक्कं केलं की मला हेच घर हवं. मुलगा हवा होताच, पण खरं सांगायचं तर मला त्याच्या घरातली ती दुपार हवी होती. आयुष्यात मी काही हट्टानं मागितलं असेल तर तेच, आणि तेही मनातल्या मनात.

लग्न वैशाखातलं, मुहूर्त सकाळचा, कॉलनीच्या इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे रेल्वे क्लबच्या, हॉलमध्ये. एरवी वऱ्हाड आदल्या दिवशी येतं, सीमांतपूजन होतं, नवरदेव मुक्कामालाच असतो, मग वेळेचा प्रश्न येत नाही. पण हे गावातलेच. नाना म्हणाले, कशाला खर्च, सकाळी सरळ या. आबासाहेब म्हणाले, येतो जी, वेळेवर निघतो. इथंच सगळी चूक झाली आणि ती कुणाच्याच लक्षात आली नाही. नानांनी ‘वेळेवर’ ऐकलं. आबासाहेबांनी ‘निघतो’ म्हटलं होतं. त्यांच्या मोहल्ल्यात वरात ज्या वेळेला दारातून हलते ती लग्नाची वेळ. पुढं नाचत, थांबत, सरबत पीत ती पोचेल तेव्हा पोचेल. आणि त्या घरच्या नवरदेवाचा फेटा बरुआसागरचे बशीर चाचाच बांधायचे. आबासाहेबांचा त्यांनी बांधला होता, त्यांच्या भावांचाही. त्या दिवशी चाचांची बस भरेना. चाचा आल्याशिवाय नवरदेव उंबरा ओलांडणार नाही, हे त्या घरात इतकं उघड होतं की आम्हाला कळवावं असं कुणाला वाटलंच नाही.

मी गौरीहरापाशी बसले होते. पिवळी साडी, पहाटेपासून पोटात काही नाही, समोर अन्नपूर्णा आणि तांदूळ. मुठीनं तांदूळ घ्यायचे आणि देवीवर वाहायचे, बोलवेपर्यंत. दाराच्या खस-ताटीवर, वाळ्याच्या पडद्यावर, कुणी पाणी मारत होतं तरी खोलीत लूच्या, उन्हाळी वाऱ्याच्या, झळा येत होत्या. बाहेर गुरुजींनी घंगाळात घटिकापात्र सोडलं होतं. तांब्याची ती भोक पाडलेली वाटी पाण्यात बुडाली की घटका भरली. शेजारी पाटावर नानांनी आपलं घड्याळ ठेवलं होतं, वाटीवर त्यांचा भरवसा नव्हता. वाटी बुडाल्याचा आवाज यायचा, गुरुजी ती रिकामी करून पुन्हा सोडायचे. आधी हॉलमध्ये बोलण्याचा गलका होता, मग तो कमी झाला, मग नुसते पंख्यांचे आवाज. आई एकदा येऊन माझ्या डोक्यावरचा पदर नीट करून गेली. पाय झोपले होते. हळूहळू हातही कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे वाटायला लागले. तांदूळ संपले तेव्हा मी वाहिलेलेच पुन्हा उचलून वाहायला लागले.

मामांनी येऊन मला उठवलं तेव्हा मला वाटलं, आले ते लोक. बोहल्यावर आले तर अंतरपाटाखालून दिसायला हवीत ती पावलं नव्हती. गुरुजी नानांशी हळू आवाजात बोलत होते, वराशिवाय अक्षता कशा टाकायच्या. नानांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, ‘वर वाटेत आहे. गाडी वेळेवर सुटते. मागं राहिलेला पुढच्या स्टेशनावर गाठतो.’ गुरुजी ग्वाल्हेरचे, वयस्कर. सरदारांच्या घरी नवऱ्याच्या जागी खांडा, म्हणजे त्याची तलवार, ठेवून लग्नं लागायची हे त्यांना ठाऊक होतं. इथं खांडा कुठला? साखरपुड्यात आलेला वराकडचा शेला मग पाटावर घडी करून ठेवला आणि त्यावर नारळ. मुहूर्त टळू नये म्हणून. शुभकार्यात कुणी मध्ये बोलत नाही, तसं कुणी बोललं नाही. मंगलाष्टकं झाली. अक्षता पडल्या. सनई वाजली. अंतरपाट दूर झाला आणि माझ्यासमोर नारळ होता. शेंडीत तांदळाचे दाणे अडकलेले. हातात हार होता, तो कुठं घालायचा म्हणून मी गुरुजींकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली. मी नारळाला हार घातला.

लोक विचारतात, तेव्हा काय वाटलं. काही वाटलं नाही. पुढं कितीतरी वर्षं मी ते वाटणं शोधत होते, सापडलं नाही. माझ्या कपाळावर एक घामाचा थेंब होता आणि तो पुसावा की नाही, एवढाच विचार मी करत होते.

पंगत बसली. ज्यांना ड्यूटी होती ते आधी बसले. जिलबी वाढत होते तेव्हा लांबून बँड ऐकू आला आणि तो सदर बाजाराकडून जवळ येत राहिला. वाढपी तसेच थांबले. नाना दाराशी गेले. आबासाहेब घामानं निथळत, हसत, दोन्ही हात पसरून आले. त्यांना नानांना मिठी मारायची होती. नानांनी नमस्कार केला आणि म्हणाले, ‘या. लग्न लागलं.’

आबासाहेबांना आधी ती थट्टा वाटली. मग त्यांनी आत बघितलं. उष्टी पानं दिसली, पाटावरचा नारळ दिसला, हार दिसला. बँड कुणीतरी थांबवला. ते मोठ्या आवाजाचे गृहस्थ होते, पण तेव्हा अगदी हळू बोलले. त्यांनी श्रीधरचा दंड धरून त्याला पुढं आणलं आणि विचारलं, ‘मग हा कोण आहे?’ नाना म्हणाले, जावई आहेत, उशिरा आलेत. गुरुजींनी समजूत घातली. अक्षता झाल्या, पण कन्यादान आणि सप्तपदी नारळाशी होत नाही, ते राहिलंय. संध्याकाळी गोरज मुहूर्त आहे, त्यावर सगळं पुन्हा रीतसर करू. आबासाहेब लगेच तयार झाले. त्यांचं म्हणणं एकच, अंतरपाट माझ्या मुलासमोर धरा. नाना म्हणाले, अंतरपाट एकदा दूर झाला, तो पुन्हा धरायचा म्हणजे सकाळचं खोटं होतं का? कन्यादान करतो, सप्तपदी करा, पण लग्न सकाळी वेळेवर लागलंय. आबासाहेब म्हणाले, मग माझ्या मुलाचं लग्न लागलंच नाही. नानांच्या हिशेबी वेळ पाळणं हा माणसाचा मान होता. आबासाहेबांच्या हिशेबी माणसासाठी थांबणं हा मान होता. दोघांचाही अपमान झाला होता आणि दोघंही खरं बोलत होते. मी बोहल्यापाशी उभी होते. वरात परत गेली तर मी कोण, हे मला बरोबर कळत होतं. अक्षता पडलेली मुलगी दुसरं कुणी करत नाही. नारळाची बायको म्हणून मी त्या हिरव्या दाराच्या आत म्हातारी झाले असते.

मग नाना जे वागले ते फक्त नानाच वागू शकत होते. संध्याकाळच्या मालगाडीवर ज्याची ड्यूटी होती तो गार्ड पंगतीत जेवत होता. नानांनी त्याला सांगितलं, तू आराम कर, तुझी गाडी मी नेतो. रजा होती त्यांची. घरी गेले, धोतर सोडून पांढरा कोट चढवला, गार्डची पेटी पुढं पाठवून दिली आणि यार्डात गेले. आईनं दही ठेवायला हात पुढं केला होता, तो तसाच राहिला.

ऊन उतरायला लागलं तसे गुरुजी अस्वस्थ झाले. गोरज साधायचा असेल तर कन्यादान मामा करू शकतात, शास्त्राला चालतं. मामा तयार होते. आबासाहेब उठून माझ्याकडे आले. सबंध दिवसात माझ्याशी कुणी बोलायला आलं ते तेच. म्हणाले, ‘बेटा, तू सांग. मामा चालतील?’

मला माहीत होतं, हो म्हटलं की तासाभरात सगळं मिटतं आणि मी त्या घरात जाते. नाही म्हटलं तर हे लोक किती थांबतील, कुणास ठाऊक. मी म्हटलं, ‘नाना येऊ देत.’

आबासाहेबांनी खांद्यावरचं उपरणं काढून जमिनीवर अंथरलं. ‘तो बैठते हैं,’ असं आपल्या माणसांना म्हणाले आणि बसले.

ती माणसं बसली. गोरज गेला. गुरुजींनी पंचांग मिटलं. उरलेला मसालेभात, मठ्ठा त्यांनी आनंदानं खाल्ला. नंतर कुणी कडुलिंबाखाली पत्ते मांडले, कुणी झोपलं. श्रीधरचा फेटा लग्नाआधी उतरत नाही असं बशीर चाचांनी बजावलं होतं, म्हणून तो फेट्यासकट भिंतीला टेकून बसून राहिला. उजाडल्यावर मॅगी आंटीनं, कुणी सांगितलेलं नसताना, किटलीभर चहा पाठवला. कॉलनीतले लोक ड्यूटीवर जाता-येता डोकावत आणि विचारत, कधीपर्यंत बसणार? त्यांच्यातले म्हणत, आएँगे तब तक. त्यांना हा प्रश्नच कळत नव्हता. मी गौरीहराच्या खोलीत त्याच साडीत होते. आई म्हणाली थोडं दूध घे, मी घेतलं नाही. दर खडखडाटाला वाटायचं, वरात उठली. मला त्याचीही भीती वाटेनाशी झाली होती.

नाना आले ते दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर. मालगाडी कुठंतरी अडकवून ठेवली असणार. कोट काळा झालेला, डोळे लाल, हातात झेंडे. घरी जाताना इन्स्टिट्यूटवरून रस्ता होता. बाहेर घोडी बांधलेली बघून ते दारात थबकले. आत सगळं वऱ्हाड बसलेलं. आबासाहेबांच्या दाढीची खुंटं वाढली होती. ते गुडघ्यावर हात टेकून उठले. मला वाटलं, आता सगळं पुन्हा सुरू होणार.

‘लग्न लागलं तुमचं काल सकाळी, मान्य,’ आबासाहेब म्हणाले. ‘पण कन्यादान बापानं करायचं असतं जी. आम्ही थांबलोय.’

नाना त्या माणसांकडे बघत राहिले. एकेकाकडे. जन्मभर त्यांनी इतरांसाठी थांबून काढलं होतं. त्यांच्यासाठी आजवर कुणी थांबलं असेल, असं मला वाटत नाही. शेवटी गुरुजींकडे वळून ते म्हणाले, ‘अंतरपाट धरा. मी आंघोळ करून येतो.’

आमचं क्वार्टर हॉलला लागूनच होतं, न्हाणीघराची खिडकी गौरीहराच्या खोलीकडे. मी ऐकत बसले. बादलीत पाणी पडलं, तांब्या वाजला, पाणी अंगावर ओतल्याचा आवाज आला. मग पुन्हा, पुन्हा. नानांची आंघोळ म्हणजे पाच तांबे, आम्हा सगळ्यांना पाठ होतं. बादली रिकामी झाली आणि त्यांनी नळ सोडून ती परत भरली. पाण्याच्या आवाजाआड दुसरा एक आवाज होता, तो मी आधी कधी ऐकला नव्हता. आईनं टॉवेल घेऊन दाराशी जाऊन ऐकलं आणि ती तशीच मागं फिरली. हॉलमध्ये सगळे ऐकत असणार, भिंत पातळ होती. गुरुजी अंतरपाट हातात घेऊन उभे होते, मुहूर्त वगैरे आता काही नव्हता. माझ्या बोटांत मुंग्या यायला लागल्या, मग पायांत, आणि कालपासून पहिल्यांदा मला रडू आलं, खूप आलं.

फार वेळ लावला त्यांनी. कुणीही हाक मारली नाही.